आकांक्षा बरी आहे, हे सांगायचं कोणी?

“कालिंदीबेन, कंपनीतून फोन येईल तो तुमी घ्यायचा. नायतर तुमचे मिस्टर घेतील. पण घरातल्या मोठ्या बाईमाणसाच्या हातात तो फोन देयाचा नाय. बाकी काय पण करा, एवढा माझा ऐका.”

हिंदमाताला एका साडीच्या दुकानाच्या माडीवर विम्याचं कार्यालय थाटून बसलेल्या हितेंद्रभाईंनी हा इशारा दिला, तेव्हा कालिंदी हसली. एम.कॉम. झालेली माणसं एजंट लोकांकडे पाहून जसं हसतात, तसं. तिला वाटलं, लालबागच्या चाळीतली सासू म्हणजे फोन उलटा धरून “हॅलो हॅलो” ओरडणारी, अशी या गृहस्थांची समजूत दिसते. तिच्या सासूबाई, मीराबाई, स्वतःचा मोबाईल बाळगून होत्या. त्यावरून त्या रोज सकाळी साऱ्या गणगोताला गणपतीचं चित्र पाठवत आणि ज्याने उलट नमस्कार धाडला नाही त्याचं नाव ध्यानात ठेवत. शिवाय बाई सरळ. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

“आमच्या आई फोनवर काय वावगं बोलणार?” कालिंदी म्हणाली.

हितेंद्रभाईंनी हात जोडले. जन्मभर विमे विकलेला माणूस हात जोडतो तेव्हा तो नमस्कार नसतो, हे कळायला कालिंदीला पुढे बराच ताप काढावा लागला.

प्रकरण असं होतं. कालिंदीची नणंद आकांक्षा डॉक्टर व्हायला जॉर्जियाला निघाली होती. इथल्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर अगदी थोडक्यात हुकला आणि खाजगी कॉलेजाची फी ऐकून सगळ्या घराने एकमेकांकडे न बघता पंख्याकडे बघितलं. जॉर्जियात जागा मिळाली. कर्ज झालं, पासपोर्ट झाला, आणि तिथल्या विद्यापीठाचं पत्र आलं की शुक्रवारपर्यंत आरोग्य विम्याचे कागद पोचले नाहीत तर नाव नोंदवलं जाणार नाही आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. तेव्हा तो शुक्रवार चांगला महिनाभर लांब होता. म्हणजे कोणालाच घाई नव्हती.

“मी बघते,” कालिंदी म्हणाली.

घरातले कागद हे कालिंदीचं खातं. गिरगावातून लालबागला लग्न होऊन आल्यापासून चाळीतले निम्मे अर्ज तिच्या हातून गेले होते. त्यात लेक झाल्यापासून तिचा काळजी करण्याचा सराव चांगला वाढला होता. इरावतीला, वय वर्षं तीन, नुसती शिंक आली तरी कालिंदी तिचा ताप बघे. घरात थर्मामीटर दोन होते. दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला. ज्या बाईने पोरीच्या प्रत्येक लशीची तारीख पाठ केली आहे तिला एक विमा काढणं काय कठीण?

कठीण हे होतं, की चाळीत बातमी फुटली.

शेजारच्या कौसल्याकाकी आधी आल्या. त्यांना जॉर्जिया अमेरिकेत आहे एवढं नक्की माहीत होतं. “तिथे रोज गोळीबार होतो म्हणे. गोळी लागली तर विम्यात बसते का ते विचार हो आधी.”

“काकी, तो जॉर्जिया वेगळा. हा दुसरा, रशियाच्या शेजारचा.”

“दोन-दोन आहेत?” काकींनी छातीवर हात ठेवला. “मग पोरीला चुकीच्या ठिकाणी उतरवायचे!”

काकींचा भाचा मस्कतला होता, त्यामुळे परदेशातल्या विम्यावर बोलायचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांचं मत स्पष्ट होतं: विमा काढू नये. “आमच्या भाच्याने काढला. दर वर्षी पैसे भरतोय. मेल्याला एवढ्या वर्षांत साधा जुलाब नाही झाला! सगळे पैसे पाण्यात.” भाचा ठणठणीत राहिला हे दुःख काकी इतक्या तळमळीने सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, पोराला निदान एकदा तरी कावीळ व्हायला हवी होती.

कालिंदीने स्वतःच शोध सुरू केला. स्वस्तात स्वस्त योजनेपासून सुरुवात केली आणि माहितीपत्रकं वाचता वाचता तिच्या अंगावर काटा आला. माणसाच्या देहाला काय काय होऊ शकतं याचा एवढा सविस्तर विचार कोणी करून ठेवला असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हवेतून पेशंट नेण्याची सोय. हरवलेल्या सामानाची सोय. आणि एका जागी, बारीक अक्षरात, ‘पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च’. ती ओळ तिने मीराबाईंना वाचून दाखवली नाही. पान उलटलं, तर पुढे काय काय मिळणार नाही त्याची रांग: युद्ध, अणुस्फोट, पर्वतारोहण, दातदुखी. कालिंदी थक्क झाली. या लोकांनी अणुस्फोटापर्यंत पुढचं पाहिलं होतं आणि तरी दाढेपाशी येऊन हात वर केले होते.

तिने ते कागद गिरगावात वडिलांकडे नेले. अप्पा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी भिंग काढलं, लाल पेन्सिल काढली. “महत्त्वाचं तेवढं अधोरेखित करून ठेवतो. तू काळजी करू नकोस.” चार दिवसांनी कालिंदी गेली तर कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत लाल झाले होते. “सगळंच महत्त्वाचं आहे,” अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. “फार चांगलं ड्राफ्टिंग आहे गं. यातून कोणी सुटणार नाही.”

म्हणून शेवटी हितेंद्रभाई. त्यांनी एक योजना शोधून काढली. तिचा आकडा सांगितला तेव्हा कालिंदीच्या नवऱ्याने, गौतमने, चहाचा कप खाली ठेवला पण चहा सांडला नाही. आधीच्या योजनांना चहा सांडला होता. म्हणजे परवडण्यासारखी होती. फक्त आकांक्षा कमावती नसल्यामुळे विमा आईच्या नावाने घ्यायचा होता, आणि आईचा फोन नंबर द्यायचा होता. कालिंदीला त्यात काही वाटलं नाही. गौतम ऑफिसात फोन उचलत नाही, कालिंदीच्या फोनवर इरावतीची कार्टून चालू असतात, आणि मीराबाई पहिल्या घंटीला फोन उचलतात. फोन आला की आपण त्यांच्याकडून घेऊ, झालं!

फोन आला तेव्हा कालिंदी दादरला होती. आकांक्षासाठी थर्मल घेत होती. ऑक्टोबरच्या उन्हात, कपाळावरून घाम निथळत असताना, उणे तापमानाचे कपडे अंगाला लावून बघणाऱ्या नणंद-भावजयांकडे रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. दुकानदाराने विचारलं, “मनाली?” आकांक्षा म्हणाली, “जॉर्जिया.” त्याने भाव वाढवला.

घरी आल्या तर मीराबाई खुशीत.

“कंपनीचो फोन इल्लो गो! मराठी बोलणारी पोरगी. किती चांगली चौकशी केल्यान! आपल्या माणसांनीव इतकी करूची नाय.”

कालिंदीच्या हातातली पिशवी तिथेच राहिली. “काय विचारलं, आई?”

“विचारल्यान, मुलीची तब्येत कशी आहे. मी म्हटलंय, तब्येत कसली गो बाय, हाडाक मास नाय. मगे विचारल्यान, भूक लागते का. म्हटलंय, चिमणी खाता तितक्यापण खाणा नाय. झोप? झोप खंयची, रात रात जागता. आणखी काय आजार? म्हटलंय, एक आसा तर सांगू. आज डोक्या, उद्या पोट. सगळा लिवन घेतल्यान बिचारीन.”

कालिंदीने मान वळवून आकांक्षाकडे पाहिलं. आकांक्षा कॉलेजच्या कबड्डी संघाची कप्तान. भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन जिने चढणारी ती चाळीतली एकमेव बाईमाणूस. त्या घटकेला ती पिशव्या ठेवून दाराआड सकाळची उरलेली भाकरी खात होती.

आता इथे, ज्यांचं बालपण चाळीत गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. मीराबाई खोटं बोलल्या नव्हत्या. आई जे बोलते तेच बोलल्या होत्या. आपलं पोर बरं आहे, गुटगुटीत आहे, असं बाहेरच्या माणसाला सांगणारी आई त्या चाळीत आजवर कोणी पाहिलेली नाही. दृष्ट लागते. नळावर उभं राहून ऐकलं तर वाटेल, इथे एकही पोर दिवाळी बघणार नाही. ज्याचा मुलगा जिममध्ये दंड फुगवतो त्याची आई सांगते, “काय करू गं, काडी झालाय.” हे कळायला कालिंदीलाही वेळ लागला होता. इरावती झाली तेव्हा बघायला आलेल्या बायका एकामागून एक म्हणाल्या होत्या, “बारीकच आहे गो,” “रंग पण बेताचाच,” आणि बाळंतिणीने उशीत तोंड खुपसून रडून घेतलं होतं. तो आशीर्वाद होता, हे तिला नंतर कोणीतरी समजावून सांगितलं.

पण विमा कंपनीला हे कोण समजावणार? कंपनीचं पत्र आलं. अर्जदार आईच्या निवेदनानुसार मुलीला जुनाट अशक्तपणा, भूक न लागणे, निद्रानाश, वारंवार डोकेदुखी व पोटदुखी. सबब हप्ता वाढवण्यात येत आहे, व सोबतच्या सर्व तपासण्या कराव्यात. नवा आकडा वाचून गौतमने चहा सांडला.

“तू म्हणालीस ना, मी बघते?” तो म्हणाला. नवरे एवढंच म्हणतात. पण ते असं म्हणतात, की बाईला आपली पदवी परत करावीशी वाटते.

हितेंद्रभाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा हात जोडले. “माझ्या स्वताच्या मदरने पण हेच केला होता,” ते हळूच म्हणाले. “आजपर्यंत माझ्या पॉलिसीत दमा आहे.”

मग तपासण्या. परळच्या एका प्रयोगशाळेत उपाशीपोटी जायचं होतं. घरातून उपाशीपोटी बाहेर पडणं ही मीराबाईंच्या राज्यात सोपी गोष्ट नव्हती. निघताना त्यांनी मुलीच्या हातावर साखर ठेवली. ती कालिंदीने झटकली. जिन्यात कौसल्याकाकींनी केळं पुढे केलं. तेही परतवलं. प्रयोगशाळेतल्या माणसाने सुई टोचता टोचता सहज विचारलं, “काय त्रास होतो हिला?” सोबत आलेल्या मीराबाईंनी श्वास आत घेतला. पुढचं काय येतंय हे ओळखून कालिंदीने पर्समधला प्रभादेवीचा पेढा अख्खाच्या अख्खा सासूबाईंच्या तोंडात घातला. “प्रसाद,” ती म्हणाली. प्रसाद थुंकता येत नाही. तो विरघळेपर्यंत रक्त घेऊन झालं होतं.

अहवाल आले. सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन तर असं, की डॉक्टरने चष्मा वर करून मुलीकडे पुन्हा पाहिलं. कालिंदी ते आकडे वाचत गेली आणि तिचा ऊर भरून आला. यकृत, मूत्रपिंड, हृदयाचा तो डोंगररांगेसारखा आलेख. या चाळीतल्या भाकरीवर आणि बांगड्याच्या कालवणावर हे सगळं कसं मुकाट चालू राहिलं होतं! आणि त्याचीच उत्तरं शिकायला ही पोरगी एवढ्या लांब जाणार होती. कालिंदीने तो आलेख इरावतीलाही दाखवला. “आत्त्याचं हृदय,” ती म्हणाली. इरावतीने त्यावर बोट फिरवून विचारलं, “दुखतं?”

अहवाल रात्रभर देवापुढे ठेवला होता. सकाळी कालिंदीने फोटो काढून कंपनीकडे पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला: ‘कागदावर खाडाखोड आढळते. स्वच्छ प्रत पाठवावी.’

अहवालाच्या उजव्या कोपऱ्यात, ‘नॉर्मल’ या शब्दाच्या अगदी डोक्यावर, काजळाची तीट होती. ठसठशीत, बोटाने दाबून लावलेली.

“सगळा बरा असा छापून दिल्यानी,” मीराबाई अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या. “उघड्यार कसा ठेवचा?”

स्वच्छ प्रत गेली. त्यावर कंपनीने कळवलं, की अहवाल समाधानकारक आहेत. परंतु अर्जदाराचं मूळ निवेदन ध्वनिमुद्रित स्वरूपात नोंदीवर असल्यामुळे अर्जदाराने स्वतःच्या आवाजात, ध्वनिमुद्रित फोनवर, मुलगी निरोगी असल्याचं सांगितल्याखेरीज जुना हप्ता लागू होणार नाही. फोन गुरुवारी येईल. महिनाभर लांबचा तो शुक्रवार आता गुरुवारला येऊन चिकटला होता.

म्हणजे आता सगळं एका वाक्यावर आलं. कर्ज, पासपोर्ट, थर्मल, डॉक्टरकी, सगळं मीराबाईंच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर. आणि मीराबाई म्हणाल्या, “माका ता जमाचा नाय.”

“आई, एक वाक्य आहे!” आकांक्षा कळवळून म्हणाली. “माझी मुलगी ठणठणीत आहे. बस.”

मीराबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

कौसल्याकाकी मदतीला धावल्या. “त्यात काय एवढं? मी बोलते मीराच्या आवाजात. दुसऱ्याच्या पोरीला ठणठणीत म्हणायला माझं काय जातंय?”

“तू?” मीराबाईंनी कानांवरचे हात काढले. “तुझी नजर मेली दगड फोडता! परवा माझ्या तुळशीक किती हिरवी म्हणालंस, ती दोन दिसात सुकली!”

“तुळस पाणी न घालता सुकली! माझ्या नजरेवर नको जाऊ!”

यावरून बरंच काही निघालं. जुनं निघालं, नळावरचं निघालं. दोघींना दोन खोल्यांत बसवायला गौतमला अर्धा दिवस रजा टाकावी लागली.

गुरुवारी सकाळी कालिंदी सासूबाईंजवळ जाऊन बसली. मनात तिने मुद्दे मांडून आणले होते: अंधश्रद्धा, विज्ञान, मुलीचं भविष्य, याच क्रमाने. मीराबाई तांदूळ निवडत होत्या.

“आई, खरंच वाटतं तुम्हाला? एका शब्दाने तिला काही होईल?”

मीराबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. “शब्दान काय होता? तसा नाय गो. पोर बरा आसा म्हटला, की देव म्हणता, बरा आसा मां? मगे माझा हंय काय काम? आणि बगता दुसरीकडे. तेका जगाची कामा. म्हणान रोज उठान तेच्या कानार घालूक होया. आज ह्या दुखता, उद्या ता दुखता. म्हणजे तेचो डोळो पोरार रवता. गौतम झालो तेव्हापासना एक दीस चुकवलंय नाय मी.”

कालिंदी मुद्दे विसरली.

ती त्या तांदूळ निवडणाऱ्या हातांकडे बघत राहिली. महिनाभर ती स्वस्त आणि भरवशाचा विमा शोधत वणवण फिरत होती, आणि इथे एक बाई रोजच्या रोज, एकही हप्ता न चुकवता, दोन पोरांचा विमा भरत आली होती. त्यात अणुस्फोट वगळला नव्हता. दाढही वगळली नव्हती. आणि आता या बाईला सांगायचं होतं, की ती पॉलिसी स्वतःच्या तोंडाने बंद करा, कारण कंपनीच्या पॉलिसीला ती चालत नाही. आपण स्वतः काय करतो, कालिंदीच्या मनात आलं. मध्यरात्री उठून निजलेल्या इरावतीच्या नाकाशी बोट नेऊन श्वास बघतो. ते तरी कोणत्या विज्ञानात बसतं?

“आई,” ती म्हणाली, “नका सांगू. आपण काहीतरी दुसरं बघू.”

दुसरं काहीच नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मीराबाईंनाही. मीराबाईंनी ताट बाजूला सारलं. “फोन कधी येतलो?” त्यांनी विचारलं.

दुपारी सगळी तयारी झाली. इस्त्रीचं लुगडं नेसून मीराबाई देवापुढे पाटावर बसल्या. बोलायचं वाक्य ‘शुद्ध’ बोलायचं असं त्यांनीच ठरवलं. रेकॉर्ड होणार होतं. गॅसवर तवा तापत ठेवला होता आणि कौसल्याकाकी, भांडण विसरून, मुठीत मीठमोहऱ्या घेऊन दाराशी उभ्या होत्या. वाक्य संपताक्षणी पोरीवरून उतरून टाकायच्या, एका श्वासाचाही उशीर नको. आकांक्षाला समोर बसवलं होतं. गौतमच्या कडेवर इरावती. गॅलरीतली माणसं आपण सहज उभे आहोत असं दाखवत उभी होती.

फोन वाजला. पहिल्या घंटीला उचलला.

“नमस्कार मॅडम, मी आरोही बोलतेय. हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जात आहे.” पोरगी खोकली. “माफ करा. मॅडम, आपल्या मुलीला सध्या किंवा पूर्वी कोणताही आजार आहे का?”

तव्यावरून धूर निघायला लागला.

“मॅडम? माझा आवाज येतोय का?”

मीराबाई आकांक्षाकडे बघत होत्या. कालिंदीने सासूबाईंना चाळीच्या दुरुस्तीवरून बिल्डरशी भांडताना पाहिलं होतं, नवऱ्याच्या दिवसांना कोरड्या डोळ्यांनी पंगत वाढताना पाहिलं होतं. त्याच बाईने आता पाटाची कड घट्ट धरून ठेवली होती. विमानात बसून जाणारी पोरगी समोर होती, पण कड्यावरून उडी घ्यायची होती ती या बाईला. कालिंदीला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं बघतोय आणि ते बघायची आपली लायकी नाही.

“नाही,” मीराबाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि पुन्हा, आख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, “माझी मुलगी ठणठणीत आहे. तिला काही झालेलं नाही. चांगली खाते, चांगली झोपते. माझ्या मुलीसारखी तब्येत या चाळीत कोणाची नाही.”

शेवटचं वाक्य कोणी शिकवलेलं नव्हतं. कौसल्याकाकींच्या हातून मोहऱ्या तव्याऐवजी जमिनीवर सांडल्या. आकांक्षाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सिलिंडर उचलणारे तिचे ते खांदे हलायला लागले.

“धन्यवाद मॅडम,” आरोही म्हणाली आणि परत खोकली. लांब, कोरडा, खोलवरचा खोकला. थांबेना. “माफ करा मॅडम. तर आपल्या नोंदीत...”

“बाय माझे,” मीराबाई म्हणाल्या. शुद्ध भाषा गेली होती. “खोकलो कधीपासून आसा ह्यो?”

“मॅडम, कॉल रेकॉर्ड होतोय.”

“होऊं दे. कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. एसीमुळे होतो मॅडम. सगळ्यांना होतो इथे.”

“डाक्तरक दाखवलंस?”

“सुट्टी नाही मिळत.”

“तुका विमो आसा मां? विम्याच्याच कंपनीत आसंस.”

ती पोरगी अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “आम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहोत, आजी.” आणि लगेच वरच्या पट्टीत, “आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस शुभ असो.” फोन बंद.

शुक्रवारी कागद जॉर्जियाला पोचले, जुन्याच हप्त्यात. हितेंद्रभाईंनी पेढे मागवले. पुढच्या आठवड्यात आकांक्षा विमानात बसली, दोन थर्मल एकावर एक घालून. आता ती तिथून फोन करते. तिथल्या डोंगरांवर बर्फ दिसतं. शवविच्छेदनाच्या पहिल्या तासाला वर्गातली मुलं घेरी येऊन पडली, ही एकटी उभी राहिली. कालिंदी ऐकते आणि इरावतीला जवळ ओढून घेते. हीसुद्धा एक दिवस अशीच कुठेतरी उभी असेल, आणि आपल्याला कोणीतरी फोनवर काहीतरी विचारेल.

मीराबाईंनी मात्र त्या गुरुवारी संध्याकाळीच त्या नंबरवर उलटा फोन लावला. ‘या क्रमांकावर येणारे कॉल स्वीकारले जात नाहीत.’ रोज लावतात, रोज तेच. कंपनीच्या मुख्य नंबरवर कालिंदीने विचारलं. तिथला माणूस म्हणाला, आरोही नावाच्या बऱ्याच आहेत मॅडम, तक्रार आहे का? नाही म्हटलं. मग तो म्हणाला, तक्रार नसेल तर नोंद घेता येत नाही.

सकाळी देवापुढे आता गौतमच्या दुखऱ्या पाठीनंतर आरोहीच्या खोकल्याचं नाव निघतं. पण मीराबाईंना तेवढ्याने चैन पडत नाही. देव बघेल, त्या म्हणतात, पण माणसानेही बघायला नको?

म्हणून कालिंदीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. असे फोन तुम्हालाही येतात. आपण सगळे कामात असतो, “नको” म्हणून कापून टाकतो, आणि त्यात गैर काही नाही. पण मराठी बोलणारी मुलगी असेल, आपलं नाव आरोही सांगत असेल आणि बोलता बोलता खोकत असेल, तर लगेच फोन ठेवू नका. विमा घेऊ नका हवं तर. खोकला कसा आहे ते विचारा. डॉक्टरकडे गेली का, विचारा. ती म्हणेल, कॉल रेकॉर्ड होतोय. होऊ दे म्हणा.